जुन्या जनसेटवर (डिझेल जनरेटर सेटवर) घरची बॅटरी बँक चार्ज करायची, तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात राहणाऱ्या एका कुटुंबाचं मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे घर आहे. महावितरणची लाइन तिथपर्यंत गेलेली नाही. छतावर सोलर, खाली १५० अँपिअर-अवरच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून ४८ व्होल्टची बँक आणि त्यावर इन्व्हर्टर. आठ महिने सगळं छान चालतं, पण जून ते सप्टेंबर बॅटऱ्या भरतच नाहीत. तुर्भ्याच्या एका भंगारवाल्याकडे दोन जुने सेट मिळताहेत. एक मोबाइल टॉवरवरून उतरवलेला १५ केव्हीएचा थ्री-फेज, दुसरा १५०० आरपीएमचं ५ एचपी सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन आणि त्यावर ३ केव्हीएचा सिंगल-फेज अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग). किंमतीत फार फरक नाही. कोणता घ्यावा आणि जोडायचा कसा?

५ एचपीचा घ्या. १५ केव्हीएचा सेट फुकट मिळाला तरी या बँकेसाठी तो नको. 'त्याच पैशात पाचपट ताकद' हा हिशोब इथे उलटा पडतो. जनरेटर किती देऊ शकतो याला इथे महत्त्व नाही, बॅटरी किती घेऊ शकते त्यावर सगळं ठरतं.

तुमची बँक कागदावर ७.२ युनिटची आहे. ट्युब्युलर बॅटरी टिकवायची तर रोज निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही, म्हणजे वापरायला साडेतीन युनिट. या बॅटरीला आरामात झेपणारा चार्जिंग करंट क्षमतेच्या १० टक्के, म्हणजे १५ अँपिअर. घाईत २० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३० अँपिअर. त्यापुढे गेलात तर प्लेटा तापतात, पाणी भराभर उडतं आणि त्या मानाने चार्ज काही वाढत नाही. ४८ ची बँक भरताना तिच्यावरचं व्होल्टेज ५७.६ पर्यंत न्यावं लागतं. ३० अँपिअर गुणिले ५७.६ व्होल्ट म्हणजे साधारण १७३० वॅट. चार्जरमधला १० टक्के तोटा धरला तर जनरेटरवर लोड येतो १९०० ते १९५० वॅटचा. बस, एवढाच. या बँकेला यापेक्षा जास्त पाजता येत नाही, मागे कितीही मोठं इंजिन उभं करा.

आता हा दोन किलोवॅटचा लोड १५ केव्हीएच्या, म्हणजे १२ किलोवॅटच्या सेटवर टाका. लोड होतो जेमतेम १६ टक्के. डिझेल इंजिनाला रिकामं फिरायलाही पूर्ण लोडच्या पाव हिस्सा डिझेल लागतं. त्यामुळे हा सेट तुमच्या दोन किलोवॅटसाठी तासाला दीड लिटरच्या आसपास पिईल. पैशाचं नुकसान एकीकडे, इंजिनाचं दुसरीकडे. ३० टक्क्यांच्या खाली सतत चालवलं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत आणि अर्धवट जळलेलं डिझेल काजळी होऊन सायलेन्सरमध्ये साठतं. मग सायलेन्सरच्या जोडातून काळं, तेलकट पाणी गळायला लागतं. एखाद्या सेटच्या सायलेन्सरखाली असा डाग दिसला तर तो आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं कमी लोडवर चालवलेला आहे असं समजा. टॉवरच्या सेटवर हा डाग बऱ्याचदा दिसतो, कारण टॉवरचा लोडही सेटच्या मानाने लहानच असायचा.

छोट्या सेटचं गणित बघा. ३ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला (प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) २.४ किलोवॅट. चार्जरचे १.९ किलोवॅट म्हणजे बरोबर ८० टक्के लोड, इंजिन ज्या ठिकाणी सगळ्यात खुशीत चालतं तिथे. जुनं पण धडधाकट इंजिन एवढ्या लोडला तासाला पाऊण ते ०.८ लिटर घेतं. त्या तासात बॅटरीत दीड युनिटच्या थोडं वर जातं. म्हणजे युनिटमागे अर्धा लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर ४५ रुपये, आणि बॅटरीत टाकलेलं सगळंच परत मिळत नाही हे धरून ५५. महाग आहेच. म्हणून पुढचा मुद्दा या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा.

जनरेटरने बॅटरी पूर्ण भरायची नाही.

ट्युब्युलर ही लेड-ॲसिड बॅटरीच, आणि ती भरते दोन टप्प्यांत. सुरुवातीला ती दिलेला सगळा करंट घेते आणि व्होल्टेज हळूहळू चढत जातं. ३० अँपिअरने भरताना ७५ ते ८० टक्क्यांच्या सुमाराला व्होल्टेज ५७.६ ला टेकतं. तिथून पुढे चार्जर व्होल्टेज धरून ठेवतो आणि करंट उतरायला लागतो: ३० चा २०, २० चा १२, मग ८, मग ५. हा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तीन-चार तास सहज लागतात आणि त्यातल्या शेवटच्या दोन तासांत बॅटरी ३०० ते ६०० वॅट घेत असते. तेवढ्यासाठी इंजिन धडधडत ठेवणं म्हणजे वर सांगितलेला १५ केव्हीएचाच प्रकार, फक्त छोट्या सेटवर.

तेव्हा काम वाटून द्या. सकाळी जनरेटरने पहिला, भुकेला टप्पा भरायचा आणि शेवटचा, रेंगाळणारा टप्पा सोलरवर सोडायचा. जुलैतल्या भरल्या आभाळातही पॅनेल दुपारी काही ना काही देतात. उन्हाळ्याच्या मानाने ते चौथाईच असेल, पण शेवटच्या टप्प्याला तेवढंच लागतं. बँक ५० टक्क्यांवर असेल तर ८० पर्यंत जायला ४५ अँपिअर-अवर हवेत, तोटा धरून ५०. ३० अँपिअरने एक तास चाळीस मिनिटं आणि जेमतेम १.३ लिटर डिझेल. सकाळी ७ ला सुरू केलं तर पावणेनऊला बंद. चार्जरवरचा करंट २० च्या खाली घसरलेला दिसला की समजायचं, जनरेटरचं काम झालं.

बरेच जण संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळी सेट चालू करतात. ते चुकीचं वेळापत्रक आहे. त्यानंतर ऊन नसतं, त्यामुळे शेवटचा टप्पा राहून जातो आणि बॅटरी रात्रभर परत उतरते. असं रोज झालं की ती कधीच १०० टक्के भरत नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीत प्लेटांवरचं सल्फेट हळूहळू कडक होत जातं आणि मग ते चार्जिंगने विरघळत नाही. पावसाळ्याचे चार महिने बँक ६० ते ८० टक्क्यांत लोळत राहिली, तर दिवाळीपर्यंत तिची क्षमता डोळ्यांदेखत कमी झालेली असते. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा बँक पूर्ण भरलीच पाहिजे. मध्ये उघडीप मिळाली तर ऊनच ते काम करेल. नाही मिळाली, तर त्या एका दिवशी डिझेलकडे न बघता सेट चार-पाच तास चालवा, आणि करंट उतरत जाईल तसं टाकीत पाणी चढवणं, इस्त्री, मिक्सर ही कामं त्याच वेळात उरका, म्हणजे इंजिनावर लोड राहील. भरल्याची खात्री व्होल्टेजवरून करू नका, हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) करा. आपल्याकडच्या ट्युब्युलर बॅटरीच्या ॲसिडची घनता पूर्ण चार्जला १.२४० च्या आसपास असते. सगळे सेल १.२३५ ते १.२४५ मध्ये आले आणि तासाभराने परत मोजल्यावर आकडा हलला नाही, तर बॅटरी भरली. १.१८० च्या खाली गेली तर उशीर न करता चार्जिंगला लावा.

चार्जर निवडताना लोक जिथे फसतात ते असं. इन्व्हर्टरमध्येच चार्जर आहे, जनरेटरची वायर इन्व्हर्टरच्या मेन्स इनपुटला दिली की झालं, असं वाटतं. दोन अडचणी आहेत. घरगुती इन्व्हर्टरचा आतला चार्जर बहुतेक वेळा १० ते १५ अँपिअरचाच असतो, म्हणजे सेट अर्ध्या लोडवर आणि दुप्पट वेळ चालणार. शिवाय इन्व्हर्टर मागच्या स्विचवर 'यूपीएस' मोडला असेल तर तो जुन्या सेटची फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज खपवून घेत नाही. टक टक करत सारखा आत-बाहेर होतो. तात्पुरतं काम भागवायचं असेल तर स्विच 'नॉर्मल' किंवा 'वाइड' ला टाका. कायमसाठी वेगळा चार्जर घ्या.

वेगळ्या चार्जरमध्ये तीन जाती. पहिली साध्या ट्रान्सफॉर्मरची, पुढे गोल फिरणारा टॅप स्विच. दुरुस्तीला सोपा आणि मजबूत, पण करंट जनरेटरच्या व्होल्टेजवर नाचतो. कारण असं की करंट ठरतो चार्जरचं व्होल्टेज आणि बॅटरीचं व्होल्टेज यांच्यातल्या छोट्या फरकावर. इंजिनाने जरा वेग घेतला आणि २२० चे २३५ व्होल्ट झाले की २० अँपिअरचे ३० होतात. शिवाय हा आपोआप थांबत नाही. समोर माणूस बसणार असेल तरच घ्या. दुसरी एससीआरवाल्यांची (इलेक्ट्रॉनिक स्विचने करंट आवरणाऱ्या). या जुन्या औद्योगिक चार्जरचं छोट्या अल्टरनेटरशी पटत नाही. एससीआर वेव्हचा तुकडा पाडून घेतो, एव्हीआर (अल्टरनेटरचं व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) गोंधळतो आणि दिवे फडफडायला लागतात. तिसरी एसएमपीएस (मोठ्या ट्रान्सफॉर्मरशिवायच्या, इलेक्ट्रॉनिक) जातीची, इनपुटला पॉवर फॅक्टर सुधारणा असलेली, आणि तुमच्यासाठी तीच बरोबर. साध्या चार्जरचा पॉवर फॅक्टर ०.६५ असेल तर १.९ किलोवॅटसाठी अल्टरनेटरला ३ केव्हीए द्यावे लागतात, म्हणजे तो काठावर आला. पॉवर फॅक्टर एकच्या जवळ असेल तर दोन केव्हीएत काम होतं.

टॉवरवरून उतरलेले ४८ व्होल्टचे रेक्टिफायर मॉड्यूल (एसीचा डीसी करणारे चार्जर) भंगारात मिळतात आणि ते उत्तम प्रतीचे असतात. इनपुट व्होल्टेज खूप वर-खाली झालं तरी चालतात. पण ते घेताना त्यांचा रॅक आणि कंट्रोलरही मागा. सुटं मॉड्यूल कंट्रोलरशिवाय साधारण ५३ ते ५४ व्होल्टवर अडून बसतं. तुमच्या लेड-ॲसिडला ५७.६ हवेत, ते त्याच्याकडून मिळणार नाहीत. दुसरं, टेलिकॉममध्ये पॉझिटिव्ह अर्थ केलेला असतो. रॅकमधली पॉझिटिव्ह बसबार बॉडीला जोडलेली असेल तर बॉडीशी जोडणारी पट्टी काढा, नाहीतर घरच्या बाकीच्या वायरिंगशी गाठ पडून शॉर्ट होईल.

चार्जरवर ५७.६ व्होल्ट ठेवा. बॅटरीच्या कार्डावर वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. सोलर चार्ज कंट्रोलरमध्येही तोच आकडा टाका, नाहीतर दोघांत ओढाताण होते आणि कमी आकड्याचा आधीच हात वर करतो. मे महिन्यात बॅटरीचं तापमान २७ वरून ३७ वर गेलं तर एक व्होल्ट कमी करा. पावसाळ्यात त्याची गरज पडत नाही.

आता भंगारवाल्याकडे जाताना. सोबत नेण्याच्या वस्तू: फ्रिक्वेन्सी दाखवणारा मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर), १००० वॅटचे दोन हीटिंग रॉड, स्विचबोर्ड लावलेली जाड वायर. तासांच्या मीटरकडे लक्ष देऊ नका, ते बदललेलं असू शकतं. इंजिन गार असतानाच पोचा. तुम्ही यायच्या आधी ते तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा, कारण गार इंजिन कसं उठतं यातच अर्धी परीक्षा असते. डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरचा दाब सोडणारा) खटका वर करून फ्लायव्हील हाताने दोन फेरे फिरवा. कुठे अडतं का, खरखरतं का बघा. खटका खाली टाकून परत फिरवा. कॉम्प्रेशनला ते आडवं यायला हवं, उसळून मागे ढकलायला हवं. मऊपणे पुढे सरकलं तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेलेत. तेलाची कांडी काढून बघा. तेल काळं असेल तर हरकत नाही, डिझेलचं ते काळं होतंच. चहासारखं दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, मागे फिरा. तेल पातळ झालेलं आणि पातळी खुणेच्या वर असेल तर डिझेल उतरतंय.

सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटाचा पांढरा धूर चालतो. पाच मिनिटांनंतरही निळा धूर येत असेल तर इंजिन तेल खातंय. मग लोड टाका. पिंपात पाणी भरा, दोन्ही रॉड बुडवा आणि मगच एकेक स्विच चालू करा. रिकामं असताना फ्रिक्वेन्सी ५१.५ ते ५२ हर्ट्झ असावी आणि दोन्ही रॉडवर ४९.५ ते ५० च्या आसपास स्थिरावावी. रॉड लावताक्षणी इंजिन एकदा खाली बसतं, काळा फुंकारा टाकतं आणि दोन-तीन सेकंदांत सावरतं. हे निरोगी इंजिनाचं लक्षण. सावरलंच नाही आणि ४७ वर रेंगाळत काळा धूर ओकत राहिलं तर डिझेलचं नोझल किंवा पंप खराब आहे, किंवा इंजिनातच दम नाही. आवाज वर-खाली, वर-खाली असा लाटेसारखा येत असेल तर गव्हर्नरचे (वेग आवरणाऱ्या यंत्रणेचे) सांधे झिजलेत किंवा डिझेल लाइनने एअर पकडली आहे. पहिल्याला फिटर लागतो, दुसरं तिथल्या तिथे सुटतं. अर्धा तास असंच चालू द्या. तेवढा वेळ इंजिन न कुरकुरता चाललं आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून) दाट धूर आला नाही, तर घ्यायला हरकत नाही. घरी नेण्याआधी नोझल आणि पंप तपासून घ्या, तेल आणि दोन्ही फिल्टर बदला, आणि पहिल्या २० तासांनी तेल पुन्हा बदला.

अल्टरनेटर वर्षभर पडून असेल तर दोन गोष्टी होतात. वाइंडिंग ओलावा धरतं, आणि आतलं शिल्लक चुंबकत्व जातं. इंजिन झकास फिरतं पण व्होल्टेज येतच नाही. ओलाव्यासाठी एव्हीआर आणि डायोडच्या वायरी सोडवून वाइंडिंग ते बॉडी मेगर करा. एक मेगओहमच्या खाली आलं तर सुरू करू नका. अल्टरनेटरच्या कव्हरखाली १०० वॅटचा बल्ब दोन दिवस लावून ठेवा, वर गोणपाट टाका आणि वर-खाली थोडी फट सोडा, म्हणजे वाफ बाहेर जाईल. परत मोजा. दोन दिवसांनीही आकडा चढला नाही तर रिवाइंडिंगचा खर्च धरूनच भाव करा. हे काम वागळे इस्टेटमध्ये किंवा टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या वाइंडिंगवाल्यांकडे होतं. चुंबकत्वासाठी इंजिन बंद ठेवून, एव्हीआरच्या वायरी काढून, फील्डच्या (आतलं चुंबक बनवणाऱ्या वाइंडिंगच्या) पॉझिटिव्ह-निगेटिव्हला १२ व्होल्टची बॅटरी एक-दोन सेकंद दाखवायची आणि काढायची. उलटी लावू नका.

सेट कुठे ठेवायचा हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. पडवीत नाही, जिन्याखाली नाही, घराला चिकटलेल्या गोठ्यातही नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि पावसात आपण खिडक्या लावून बसतो. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठत नाही. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून शेड घराच्या ईशान्येला आणि भिंतीपासून किमान ७ मीटर लांब बांधा. धुराड्याचं तोंड घरापासून उलट दिशेला ठेवा, कारण भिंतीच्या आडोशाला वारा भोवऱ्यासारखा परत फिरतो आणि धूर आत आणतो. शेडला तीन बाजू उघड्या ठेवल्या तरी चालेल, छप्पर मात्र चारही बाजूंनी मीटरभर पुढे हवं. शेजारी घर असेल तर रात्री १० ते सकाळी ६ सेट चालवू नका. रहिवासी भागात त्या वेळची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे आणि उघडं डिझेल इंजिन त्यात बसणं शक्य नाही. सकाळी ७ ची वेळ इथेही सोयीची पडते.

शेडपासून घरापर्यंत २३० व्होल्ट आणा, ४८ व्होल्टचा डीसी आणू नका. चार्जर बॅटरीजवळ हवा. १५ मीटरवर १० चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीतूनही ३० अँपिअरला दीड व्होल्टपेक्षा जास्त गळतो, आणि चार्जरला वाटतं बॅटरी भरली. २३० व्होल्टला तोच लोड नऊ अँपिअरच्या आत असतो, २.५ चौरस मिमीची वायर पुरते. चार्जर बॅटरीच्या अगदी डोक्यावर लावू नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो वर चढतो, आणि त्यासोबत ॲसिडचे बारीक कण येऊन सर्किट खातात. बाजूच्या भिंतीला लावा आणि खोलीला छताजवळ झरोका ठेवा. चार्जर ते बॅटरी २ मीटरच्या आत १० चौरस मिमी वायर, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागून ५० अँपिअरचा डीसी फ्यूज. घरातला एसीचा एमसीबी तिथे लावू नका. डीसीची ठिणगी त्यात विझत नाही.

जनरेटरचा बोर्ड घराच्या वायरिंगपासून पूर्ण वेगळा ठेवा. त्यावर फक्त चार्जरचा सॉकेट, पाण्याचा पंप आणि इस्त्री-मिक्सरसाठी एक सॉकेट. इन्व्हर्टरच्या आउटपुटशी त्याची गाठ कुठेही पडता कामा नये, पडली तर इन्व्हर्टर त्याच क्षणी जळतो. सिंगल-फेज अल्टरनेटरची दोन्ही टोकं तरंगती (अर्थला न जोडलेली) असतात, आणि अशा जोडणीत आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) लावूनही उपयोग होत नाही, कारण गळतीचा करंट परत यायला वाटच नसते. एक टोक सेटच्या बॉडीला आणि अर्थ पाइपला जोडा, ते न्यूट्रल झालं. ही जोडणी एकाच ठिकाणी, सेटजवळ. त्यापुढे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

चालवायची पद्धत: इंजिन सुरू करून तीन-चार मिनिटं मोकळं चालू द्या. चार्जर १० अँपिअरवर लावा, मिनिटभराने २०, मग ३०. पंप चालवायचा असेल तर आधी पंप, मग चार्जर, कारण १ एचपीची मोटर सुरू होताना चालू करंटच्या चार-पाच पट ओढते. पंप चालू असेपर्यंत चार्जर १५ अँपिअरवरच ठेवा. बंद करताना आधी चार्जर, मग तीन मिनिटं मोकळं, मग इंजिन. डिझेल संपून इंजिन बंद पडू देऊ नका. शेवटच्या आचक्यात फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज दोन्ही कोसळतात, चार्जर जास्त करंट ओढतो, आणि वर एअर काढायचं काम मागे लागतं.

बेल्टवर चालणारा सेट असेल तर लोड टाकल्यावर फ्रिक्वेन्सी जास्त पडते पण इंजिनाचा आवाज बदलत नाही, असं कधीतरी दिसेल. तो बेल्ट घसरतोय. इंजिन पाण्यावर थंड होणारं आणि पिंप जोडलेला असेल, तर पिंपातलं पाणी वरच्या पाइपाच्या तोंडाच्या वर असायलाच हवं. बोटभर खाली गेलं की पाण्याचं फिरणं थांबतं आणि पिंप गार असतानाच हेड तापतं. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतू नका, तडकतं. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर भरा, आधी भरलं तर उकळी येऊन ॲसिड बाहेर पडतं.

सेल्फ स्टार्ट असेल तर त्याची १२ व्होल्टची बॅटरी वेगळी ठेवा. ४८ च्या बँकेतल्या चारपैकी एका बॅटरीवरून स्टार्टर चालवायची युक्ती सर्रास केली जाते. ती एक बॅटरी बाकी तिघींच्या मागे पडते, चार्जर चौघींची बेरीज बघून थांबतो, आणि मागे पडलेली कायम उपाशी राहते. वर्षभरात ती मरते आणि बाकी तिघींनाही ओढते.

१५ केव्हीएचा सेट घ्यायचाच असेल तर बँक बदलावी लागेल. १६ सेलची, २८० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बँक म्हणजे १४ युनिट. ती १४० अँपिअर आरामात घेते, आणि महत्त्वाचं म्हणजे ९० टक्क्यांच्या पुढेपर्यंत तेवढाच घेत राहते, लेड-ॲसिडसारखी मध्येच मंदावत नाही. तिच्यासाठी ५० अँपिअरचे तीन रेक्टिफायर लावा, प्रत्येक फेजवर एक, आउटपुट समांतर. सेटवर साडेआठ-नऊ किलोवॅट समान वाटून येतात, लोड ७० टक्क्यांच्या वर, आणि दोन तासांत बँक भरते. तिन्ही रेक्टिफायर एकाच फेजवर टाकू नका. त्या फेजवर फक्त ५ केव्हीएच मिळतात आणि बाकी दोन फेजचं व्होल्टेज वर उडतं. व्होल्टेज ५६ च्या वर नेऊ नका. जास्त ठेवलं तर बीएमएस (लिथियम बँकेचं राखणदार सर्किट) आपणहून लाइन तोडतं, नऊ किलोवॅट एका झटक्यात सुटतात आणि त्या उसळीत एव्हीआर किंवा रेक्टिफायर जातो. डीसीला ५० चौरस मिमी वायर आणि २०० अँपिअरचा डीसी फ्यूज.

शेवटचं, पण जूनच्या आधी करायचं: उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर बिजागरीचं झाकण बसवा. धूर आला की उघडतं, इंजिन थांबलं की मिटतं. ते नसेल तर सेट बंद केल्यावर पत्र्याचा रिकामा डबा उपडा घाला आणि सुरू करताना काढा. मुरबाडच्या पावसात उघड्या पाइपातून एका रात्रीत पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत जातं, व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दबत नाही. तसंच सेल्फ मारलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. घर आठवडाभर बंद होतं आणि मध्ये पाऊस झाला, तर सेल्फला हात लावण्याआधी डिकॉम्प्रेशन वर करून फ्लायव्हील हाताने दोन फेरे फिरवा. अडलं, तर जोर लावू नका, नोझल खोलून पाणी बाहेर काढा, मगच पुढे जा.